लाइनमनचा नमस्कार

माझ्या मुलाच्या ढुंगणाबद्दल दोन अनोळखी पुरुष इतक्या गांभीर्याने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकले. दोघे आमच्या पुढच्याच रांगेत बसले होते. दोघांच्या गळ्यात स्टॉपवॉच, दोघांच्या हातात कागदी कपातली कॉफी. एकजण म्हणाला, "मागून बघ. काय भरलेलं आहे! सगळी ताकद तिथूनच येते." दुसऱ्याने मान डोलावली, ती एखाद्या गवयाने सम गाठल्यावर डोलवावी तशी.

मी नवऱ्याला कोपर मारलं.

"ऐकलंत का?"

रागावले की मी नवऱ्याला अहो-जाहो करते. एरवी आमचं अरे-तुरे आहे. त्यामुळे 'ऐकलंत' म्हटल्याबरोबर तो सावध झाला.

"अगं, ते कौतुक करतायत."

"ढुंगणाचं?"

"हळू बोल. लाइनमनचं तेच बघतात. त्याने सांगितलं होतं ना आपल्याला."

"त्याने फिटनेस टेस्ट आहे एवढंच सांगितलं होतं. पाठमोरं उभं करून परीक्षण होणार आहे हे नव्हतं सांगितलं."

आम्ही ब्रिटनच्या मिडलंड्समधल्या एका बंदिस्त मैदानाच्या गॅलरीत बसलो होतो. खाली हिरवंगार नकली गवत, आणि त्यावर कपाटांसारखी दिसणारी मुलं नुसत्या चड्डीवर रांगेत उभी. त्यातलं एक कपाट आमचं. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमन म्हणून एक जात असते. त्या बिचाऱ्याने चेंडूला हात लावायचा नसतो, गोल करायचा नसतो, फोटोत यायचं नसतं. मागे एक देखणा मुलगा चेंडू घेऊन उभा असतो, त्याच्यापर्यंत कुणालाही पोचू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. अमेरिकेतले व्यावसायिक संघ दरवर्षी नवी मुलं निवडतात, आणि निवडण्याआधी त्यांची मोजमापं काढतात, पळवतात, उड्या मारायला लावतात, वजनं उचलायला लावतात. आमच्यासमोर चाललं होतं ते त्याचंच ब्रिटनमधलं आधीचं गाळणं. यातून जे निवडले जातील ते तिकडे जाऊन सराव करणार, आणि मग खऱ्या संघांसमोर उभे राहणार. वयाची अट होती. यंदा झालं नाही, तर पुढच्या वर्षी आमचा मुलगा त्या अटीत बसणार नव्हता. इंजिनियरिंगची पदवी घेऊन तो एवढ्यासाठी थांबला होता. सकाळी गाडीत त्याने डब्यातलं थालीपीठ तसंच ठेवलं होतं. त्याने थालीपीठ ठेवलं यावरून मला कळलं की हे प्रकरण किती खोल गेलं आहे.

हा मुलगा जन्मापासून मोठा. आम्ही राहतो त्या पिनरमध्ये ओळखीतल्या एकाही माणसाने त्याच्या आकारावर बोलल्याशिवाय आमच्या घरचा चहा संपवलेला नाही. "काय घालतेस गं याला खायला?" "बापरे, दारातून मावतो का?" एका लग्नात ग्रुप फोटो काढताना एका काकूंनी त्याला सांगितलं, "तू कडेला हो रे बाळा, नाहीतर आम्ही दिसणारच नाही." तो बारा-तेरा वर्षांचा असेल. मुकाट्याने कडेला झाला, आणि पुढच्या प्रत्येक फोटोत कुणी न सांगता कडेलाच उभा राहायला लागला. त्या काकूंना मी अजून तिळगूळ दिलेला नाही. शाळेतल्या पीटीच्या सरांनी तर त्याला गोलकीपर केला, का, तर गोल आपोआप झाकला जाईल. हे त्यांनी मला पेरेंट्स इव्हनिंगला हसत हसत सांगितलं. मीही हसले. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत काम करते मी, मला हसता येतं.

मग तो शिकायला कार्डिफला गेला. पहिल्याच आठवड्यात काखेत छोटा फ्रिज धरून हॉस्टेलचा जिना चढत होता, तेव्हा युनिव्हर्सिटीच्या संघातल्या एका मुलाने त्याला थांबवलं आणि म्हणाला, "भाऊ, तुझी आम्ही वाटच बघत होतो." आमच्या मुलाला त्याच्या आकारामुळे कुणी हवंहवंसं म्हटल्याची ही पहिलीच वेळ. त्या रात्री त्याने फोन केला तेव्हा त्याच्या आवाजात जे होतं, ते मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. म्हणून मला तो खेळ कळत नसूनही आवडायचा. म्हणून मी त्या गॅलरीत बसले होते.

आणि म्हणूनच माझं डोकं फिरत होतं. कारण पिनरमधल्या काकू जे चहा पिताना करायच्या, तेच इथे मायक्रोफोनवर चाललं होतं. एकेका मुलाला काट्यावर उभं करायचं आणि त्याचं वजन हॉलभर ऐकू जाईल असं वाचायचं. आमच्याकडे तान्ह्या बाळाचं वजन विचारलं तरी आई "आहे हो बेताचं" म्हणून विषय बदलते. इथे माझ्या लेकराचं वजन पाउंडांत पुकारलं गेलं, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी समाधानाने "हंऽऽ" केलं.

"घरी गेल्यावर मीठ-मोहऱ्या उतरवून टाकते," मी म्हणाले.

"मागच्या वेळी स्मोक अलार्म वाजला होता," नवरा म्हणाला. "शेजारचे बाहेर येऊन उभे राहिले होते."

"राहू दे उभे."

त्यानंतर त्यांनी त्याचा हात खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला. पंजा ताणायला लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजला. ओठ वर करून दात तेवढे बघायचे ठेवले. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "हात जरा तोकडे आहेत." मी खुर्चीतून अर्धी उठले. नवऱ्याने माझ्या कोटाचं टोक धरलं.

"बस. मंडळाच्या तालमीत नाही आपण."

"तोकडे म्हणे! तोकडे! एका हाताने मला उचलतो तो."

"हो, पण ते ह्यांना कुठे माहीतेय? बस खाली."

मग पळण्याचा प्रकार. चाळीस यार्ड. ज्याला सामन्यात चार पावलांपलीकडे धावायचं नसतं, त्याला हे लोक इकडून तिकडे पळवतात आणि मग सेकंदाच्या तुकड्यांवरून नाकं मुरडतात. पण तो धावला मात्र असा, की गॅलरीचे पत्रे थरथरले. पुढच्या दोघांनी आपापली स्टॉपवॉचं एकमेकांना दाखवली. वजन उचलण्यात त्याने सगळ्यांत जास्त वेळा उचललं. शेवटच्या वेळी त्याचा चेहरा इतका लाल झाला की मी डोळे मिटून घेतले. उडीतही बरा होता. दुपारपर्यंत मला सगळ्यांचा राग आलेला होता, पण तो निवडला जाणार अशी खात्रीही वाटायला लागली होती. दोन्ही एकाच वेळी. आईपणाचा हा एक खास त्रास आहे.

मग समोरासमोरचा सराव सुरू झाला. एकाने घुसायचं, लाइनमनने अडवायचं. आमच्या मुलासमोर लाल दाढीचा एक स्कॉटिश मुलगा आला, त्याच्याहूनही रुंद. शिट्टी वाजली. दोन बस एकमेकींवर आदळाव्यात तसा आवाज झाला आणि लाल दाढी मागे पडली. आमचा पुढे झेपावत होता, त्यात त्याचा बूट पडलेल्या मुलाच्या खांद्याला लागला.

आणि माझ्या मुलाने काय करावं? खाली वाकून त्याच्या खांद्याला बोटं लावली आणि ती स्वतःच्या छातीला लावली.

पाय लागला. नमस्कार केला. संपलं. त्याने काही विचार केला नव्हता. पुस्तकाला पाय लागला, पेपरला लागला, माणसाला लागला, मांजराला लागला, तरी तो हे करतो. रांगता होता तेव्हापासून मी त्याच्यामागे लागून ही सवय लावली आहे. एकदा त्याचा पाय टेस्कोच्या दुकानात जमिनीवर बसलेल्या एका माणसाला लागला तेव्हाही केलं होतं. तो माणूस इतका खूश झाला की त्याने याच्याशी हस्तांदोलन केलं.

इथे शिट्टी वाजली. मुख्य परीक्षक म्हणजे करड्या टोपीतले एक वयस्कर अमेरिकन गृहस्थ होते. ते चालत आले.

"हे काय होतं?"

"सॉरी सर."

"पुन्हा. आणि या वेळी शेवटपर्यंत."

पुन्हा शिट्टी, पुन्हा दोन बस. लाल दाढी पुन्हा पडली, कारण तिला पडणं भागच होतं. आमच्याचा गुडघा तिच्या पोटरीला लागला. आणि हात गेलाच. वाकला, बोटं लावली, छातीला नेली.

सगळी मुलं हसली. लाल दाढी जमिनीवरूनच ओरडली, "ए, मला आशीर्वाद देतोयस की पुरतोयस?" पुढच्या रांगेतले दोघेही हसले. एकजण म्हणाला, "वाईट वाटतं. काय इंजिन आहे! पण मऊ आहे."

मऊ. त्या शब्दाने माझं डोकं असं तापलं की कानात आवाज येऊ लागला. ज्याने आत्ताच दोनदा एक आख्खा स्कॉटलंड आडवा केला होता, तो मऊ, कारण आडव्या माणसाला पाय लागल्याचं त्याला वाईट वाटतं! मी उठले. या वेळी नवऱ्याच्या हातात कोटाचं टोक राहिलं नाही. मी कठड्याशी गेले, श्वास घेतला, आणि तेवढ्यात मुलाने वर बघितलं. त्याने नुसती मान हलवली. आई, नको.

मी श्वास गिळला. तो अजून माझ्या पोटात आहे.

जेवणाच्या सुट्टीत मात्र करडी टोपी मला कॉफीच्या मशिनजवळ एकटी सापडली. मी मंडळाच्या नाटकांत वर्षानुवर्षं खाष्ट सासूच्या भूमिका करते. माझी एंट्री झाली की लहान मुलं आईच्या मांडीवर चढतात. मी पदर खोचण्याचा आविर्भाव केला, कोटाला पदर नसतानाही, आणि सुरुवात केली: हा मुलगा माझा आहे, तुम्ही ज्याला हसलात त्याला आमच्याकडे संस्कार म्हणतात, आणि माणूस आडवा झाला म्हणून तो पायपुसणं होत नाही.

त्यांनी टोपी काढली. टोपी काढली! मी तिथेच निम्मी हरले.

"मॅम, मी हसलो नाही," ते म्हणाले. "माझ्या नातवंडांनी असं काही केलं तर मला अभिमान वाटेल. पण तुमचा मुलगा वाकतो ना, तेवढ्यात दुसरा कुणी त्याच्या शेजारून निघून जातो आणि मागे उभ्या असलेल्या मुलाचा गुडघा मोडतो. त्या मागच्या मुलालाही आई असते."

नाटकात असं काही झालं तर विंगेत प्रॉम्प्टर असतो. इथे नवरा होता आणि तो कॉफीत साखर ढवळत होता.

"मी त्याला अजून एक संधी देतोय," ते म्हणाले, टोपी घातली, आणि गेले.

चूक असलेल्या माणसावर चिडणं किती सुखाचं असतं! हा माणूस बरोबर होता, सभ्य होता, आणि वर मला मॅम म्हणत होता. माझा सगळा राग माझ्याच हातात गरम भांड्यासारखा राहिला, आणि ठेवायला ओटा नाही.

मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. घामाने निथळत होता.

"आई, तू त्याच्याशी बोललास?"

"तोच बोलला. मी नुसती उभी होते."

"आई!"

"खरंच रे. फार सभ्य निघाला. माझा अगदी विरस झाला."

"हात आपोआप जाते," तो म्हणाला. "मी थिंक पण नाही करत. ट्रेनिंगमध्ये कमी होते. आज जास्त होते." मग खाली बघून म्हणाला, "तू बघते ना, म्हणून."

"मी बघते म्हणून?"

"तू वरती बसलीस की मला वाटते, आता आई बोलेल, नमस्कार कर. आय कान्ट हेल्प इट. प्लीज, तू नेक्स्ट टाइम बघू नको. मला हे खूप पाहिजे, आई. खूप."

त्याने आजवर माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. फोटोत मध्ये उभं राहायलासुद्धा मागितलं नाही. मी म्हणाले, "बरं. मी बाहेर जाते." तो गेल्यावर मी गॅलरीच्या दाराशी असलेल्या खांबामागे जाऊन उभी राहिले. बाहेर जाईन म्हणाले होते. खांबाच्या कुठल्या बाजूला ते ठरलं नव्हतं.

शिट्टी. धडक. लाल दाढी या वेळी चिवटपणे टिकली, दोघे घसटत गेले, आणि मग ती एका गुडघ्यावर आली. आमच्याचा बूट तिच्या मांडीला लागला. मी बघितलं: त्याचा उजवा हात निघाला. बोटं उघडली. ती हवेत तशीच थांबली. मग त्याची मूठ झाली, आणि मूठ वर छातीसमोर गेली, दुसऱ्या मुठीशेजारी, पुढच्या माणसासाठी तयार. तो सरळ उभा होता. त्याच्या मागे कुणी असता तर सुखरूप असता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "बघ! शिकतो पटकन." माझा नवराही टाळ्या वाजवत होता. मी वाजवल्या नाहीत. मी त्या हाताला मुलगा रांगता असल्यापासून ओळखते, आणि तो निम्म्या रस्त्यातून परत जाताना मी पहिल्यांदाच बघितला होता. कुणावर ओरडावं ते मला कळेना. म्हणून मी खांबावर थाप मारली. तो लोखंडी होता. हात दुखला.

संध्याकाळी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि निवडलेल्यांचे पाठीवरचे आकडे वाचले. नावं नाहीत, आकडे. लाल दाढीचा वाचला. तिच्या शेजारच्याचा वाचला. आमच्याचा वाचला नाही. कागद घडी घालून खिशात गेला. करडी टोपी न निवडलेल्या प्रत्येक मुलापाशी जाऊन हात मिळवत होती. आमच्या मुलाशीही मिळवला, खांद्यावर थोपटलं, आणि पुढे गेली. लाल दाढीने येऊन त्याला मिठी मारली, ती मात्र चांगली लांब मारली.

तो कपडे बदलून बाहेर आला तेव्हा आम्ही कॉरिडॉरमध्ये उभे होतो. त्याचे डोळे लाल होते.

"कारण काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय नाही. ते सांगत नाही कोणाला."

"सांगत नाहीत?"

"दॅट्स हाऊ इट वर्क्स, आई. चल, घरी जाऊ."

"सांगत नाहीत!" आता माझा आवाज सुटला. दिवसभराचा साठलेला होता, त्यात ढुंगण होतं, तोकडे हात होते, मायक्रोफोनवरचं वजन होतं, सभ्य टोपी होती. "तुझ्याकडून एवढी मोठी गोष्ट काढून घेतली, तू ती दिलीस, सगळ्यांदेखत दिलीस, आणि बदल्यात एक कारणसुद्धा नाही? थांब. मी विचारून येते."

मी वळले. हॉलचं दार माझ्या मागेच होतं, एका पाखाचं, काचेचं. मी दोन पावलं टाकली असतील, तोवर तो माझ्या आणि दाराच्या मध्ये होता. एवढा अवजड मुलगा कधी आला ते मला दिसलंसुद्धा नाही.

"सरक."

"नाही."

"मी तुझी आई आहे."

"आय नो. म्हणून."

मी डावीकडून गेले. तो डावीकडे होता. मी उजवीकडे झुकले आणि पुन्हा डावीकडे गेले, तालमीत शिकलेली हूल दिली; तो तिथेही होता. गुडघे किंचित वाकलेले, पाठ ताठ, दोन्ही पंजे उघडे, माझ्यापासून वीतभर लांब. त्याने मला स्पर्शसुद्धा केला नाही. शेजारून बॅगा घेऊन जाणारी मुलं थांबून बघायला लागली.

"त्यांनी काढून घेतलं रे तुझं," मी म्हणाले.

"त्यांनी नाही घेतला. मी थांबवला. मला ते प्लेस पाहिजे होता, म्हणून मी हात थांबवला." त्याचा आवाज फाटला, पण पाय हलत होते, डावीकडे, उजवीकडे, माझ्याबरोबर. "ते माझा आहे, आई. तू आत जाऊन त्याच्यावर ओरडलास तर ते तुझा होईल."

"अगं," नवरा मागून म्हणाला. त्याच्या हातात गाडीची किल्ली होती आणि चेहऱ्यावर एक विचित्र भाव होता. "त्याचे पाय बघ तरी."

"मला नका सांगू काय बघायचं ते!"

मुलाच्या तोंडावर घाम आणि दुसरं काहीतरी, दोन्ही एकत्र ओघळत होतं. तो ते पुसत नव्हता, कारण हात खाली घेतले असते तर मी निघून गेले असते, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. काचेपलीकडे करडी टोपी कुणाशी तरी बोलत दूर दूर चालली होती. मी पर्स खांद्यावर नीट अडकवली आणि पुन्हा उजवीकडून प्रयत्न केला.